‘दहा वर्षांखालची नसेल तर’ : फुलमणीच्या खटल्यातल्या ओळींवर भाष्य

भाष्यासाठी घेतलेला मजकूर अगदी थोडा आहे. दंडसंहितेतली चारपाच कलमे, एका न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलेल्या दोन गोष्टी, आणि त्यानंतर वर्षाच्या आत कायद्यात झालेली एक दुरुस्ती. सगळे मिळून एका पानावर मावेल. मूळ इंग्रजी आहे. इथले मराठी माझे. कलमांचा अर्थ ओळीला धरून ठेवला आहे, न्यायाधीशाचे बोलणे मात्र आशयाने दिले आहे.

प्रसंग असा. फुलमणी दासी ही कोलकात्यातली मुलगी. वय अकरा वर्षे आणि तीन महिने. तिला अजून न्हाण आले नव्हते. तिच्या वयाच्या जवळजवळ तिप्पट वयाच्या नवऱ्याने, हरिमोहन मैतीने, तिच्याशी केलेल्या संभोगात तिचे अंग फाटले आणि रक्तस्रावाने ती गेली. १८९० साली कोलकाता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विल्सन आणि ज्युरी यांच्यापुढे खटला चालला. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या कोलकाता मालिकेत, अठराव्या खंडात, पान ४९ पासून तो छापलेला आहे. तिची आई राधामणी आणि घरातल्या बायका साक्षीला उभ्या राहिल्या. या भाष्यात माझे लक्ष त्यांच्याकडे आहे. ओळी कायद्याच्या आहेत, आणि त्या मी राधामणीच्या बाजूने वाचणार आहे.

«राणी-सम्राज्ञी विरुद्ध हरिमोहन मैती»

खटल्याचे नाव ही पहिली ओळ, आणि बहुतेक वाचक ती न वाचताच पुढे जातात. या नावात फुलमणी नाही. राधामणीही नाही. फौजदारी कायद्यात गुन्हा राज्याविरुद्ध घडतो, म्हणून फिर्यादी राज्य. ही जगभरची रीत आहे आणि तिच्यामागे चांगले कारणही आहे: गरिबाला स्वतःच्या खर्चाने न्याय मागावा लागू नये. पण तिचा दुसरा परिणामही पाहायला हवा. मुलगी राधामणीची, फिर्याद राणीची. आई इथे साक्षीदार आहे, म्हणजे विचारले तेवढेच सांगणारी. काय विचारायचे हे ती ठरवत नाही. कोणते कलम लावायचे हे तर नाहीच.

ती राणी तेव्हा विलायतेत होती, आणि तिच्या नावाने केलेल्या कायद्यात या मुलीसाठी काय लिहिले होते ते पुढच्या दोन ओळींत आहे.

«पाचवे: तिच्या संमतीने अथवा संमतीविना, ती दहा वर्षांखालील असताना»

कलम ३७५, बलात्काराची व्याख्या. पहिल्या चार पोटकलमांत इच्छा, संमती, भीती, फसवणूक यांचा विचार आहे. पाचवे फक्त वयाचे. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर ती ‘हो’ म्हणाली का, हे विचारायचेच नाही.

‘दहा’ हा आकडा १८६० च्या संहितेतला. ती अमलात आली १ जानेवारी १८६२ पासून. हा आकडा मुलीच्या शरीराकडे पाहून आलेला नाही. दहाव्या वर्षी मुलीचे हाड किती भरलेले असते, हे कुणाही सुईणीला विचारले असते तर तिने सांगितले असते. पण मसुदा लिहिणाऱ्या खोलीत सुईण नव्हती.

आणि वय मोजायचे कसे? जन्माचा दाखला तेव्हा घरोघरी नसे. माझ्या आजीचे वय आमच्याकडे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. ती म्हणे, ‘पहिल्या प्लेगात मी पाळण्यात होते.’ बायकांची वये अशीच सांगितली जात: अमक्या दुष्काळात, तमक्या पुरात, धाकटा भाऊ झाला त्याच्या आधीच्या चैत्रात. राधामणीसारख्या बाईला कोर्टात मुलीचे वय सांगावे लागले तेव्हा तिच्याकडेही अशीच मोजदाद असणार. आता यातला पेच पाहा. मुलगी दहाच्या आत ठरली तर तो बलात्कार, दहा ओलांडलेली ठरली तर बलात्काराचे नावही घ्यायचे नाही. तीच मुलगी, तीच खाट, तेच रक्त. मधे फक्त तारखांचा हिशेब.

तो हिशेब झाला. अकरा वर्षे आणि तीन महिने. म्हणजे कायद्याने आखलेल्या रेघेच्या पलीकडे सव्वा वर्ष.

«अपवाद: पुरुषाने स्वतःच्या पत्नीशी केलेला संभोग, पत्नी दहा वर्षांखालची नसेल तर, बलात्कार नव्हे»

या ओळीतले शब्द एकेक करून घेऊ.

‘स्वतःच्या.’ हा शब्द नुसती ओळख पटवण्यासाठी आलेला नाही. दुसऱ्याच्या पत्नीशी, अविवाहितेशी, विधवेशी केलेले कृत्य एका नियमात बसते आणि ‘स्वतःच्या’ पत्नीशी केलेले दुसऱ्या. मालकी दाखवणारे सर्वनाम आहे हे. घर स्वतःचे, शेत स्वतःचे, त्याच व्याकरणाने पत्नी स्वतःची.

‘पत्नी.’ फुलमणी पत्नी कधी झाली? लग्न झाले त्या दिवशी. ते कुणी ठरवले? वडीलधाऱ्यांनी. तिला विचारले नाही, विचारण्याची पद्धतही नव्हती. म्हणजे या अपवादाला जी संमती गृहीत आहे, ती मुलीने कोणत्याही क्षणी दिलेली नाही. लग्नात दुसऱ्यांनी तिच्या वतीने दिली आणि कायद्याने ती जन्मभरासाठी धरून ठेवली.

‘दहा वर्षांखालची नसेल तर.’ इथे वाक्य उलटे फिरवले आहे. ‘दहा वर्षांवरची’ असे सरळ लिहिता आले असते. ‘खालची नसेल’ या नकारामुळे वाचणाऱ्याला वाटते की कायदा संरक्षण देतो आहे, दहाच्या आतल्या पत्नीची काळजी घेतो आहे. ते खरेही आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ साली जो मसुदा केला, त्यात पतीला अशी कोणतीच मर्यादा नव्हती. पत्नी कितीही लहान असो, पतीच्या बाबतीत बलात्कार नाही असे तिथे म्हटले होते. त्यामानाने १८६० ची ओळ पुढची. पण दहाच्या आतल्या मुलीला सांभाळणाऱ्या याच शब्दांनी अकरा वर्षांच्या मुलीला पूर्ण मोकळे सोडले आहे. रेघ एकच, आणि तिच्या दोन बाजू.

‘बलात्कार नव्हे.’ शिक्षा कमी करावी असे म्हटलेले नाही. गुन्हा घडला पण माफ, असेही नाही. तो गुन्हा नव्हेच. राधामणीने जे पाहिले त्याचे नाव तिच्या तोंडातून काढून घेणारे हे दोन शब्द आहेत. न्यायमूर्तींनी ज्युरीला हेच सांगितले: मुलगी दहाच्या वर आहे, तेव्हा बलात्काराचा कायदा या खटल्याला लागू नाही.

शंका: मग आईने दाद मागायची कोणत्या ओळीखाली?

«सदोष मनुष्यवध, अविचाराने वा हयगयीने मृत्यू, जाणूनबुजून जबर दुखापत»

कलमे ३०४, ३०४-अ आणि ३२५. आरोपीवर ही तिन्ही ठेवली होती, आणि चौथे ३३८. पहिल्या तिघांवर फार थांबायला नको. ३०४ आणि ३२५ यांना हेतू किंवा जाणीव लागते: आपल्या कृत्याने मृत्यू येईल, किंवा जबर इजा होईल, हे करणाऱ्याला ठाऊक होते का? ३०४-अ हे १८७० साली मागून घातलेले कलम, हेतू नसताना हलगर्जीपणाने आलेल्या मृत्यूसाठी. बेफाम हाकलेली बग्गी, चुकीचे औषध, असल्या प्रकरणांना ते लागत असे. विवाहशय्येवरच्या मृत्यूला दुसरे काही सापडत नाही तेव्हा सरकारी पक्षाने चार दारे एकदम ठोठावली. तीन उघडली नाहीत.

«मानवी जीवित धोक्यात येईल इतक्या अविचाराने वा हयगयीने कोणतीही कृती करून जो कोणी जबर दुखापत करील»

कलम ३३८. ज्युरीने हरिमोहनला याच एका कलमाखाली दोषी धरले. इथे जरा सविस्तर थांबले पाहिजे, कारण राधामणीची साक्ष याच ओळीत येऊन पडते.

‘कोणतीही कृती.’ कायद्याला हा शब्द सोयीचा आहे, कारण त्यात सगळे मावते. पण बलात्कार हे नाव काढून घेतल्यावर उरते ती ही ‘कोणतीही कृती’. मुलीवर जे झाले ते आता रस्त्यातल्या अपघाताच्या रांगेत.

‘अविचाराने.’ बचाव काय होता ते पाहिले म्हणजे या शब्दाचे वजन कळते. नवरा म्हणाला, यापूर्वीही आमचा संबंध आला होता आणि तेव्हा काही झाले नव्हते. हे खरे धरले तर त्याला धोक्याची कल्पना येण्याचे कारण नव्हते, आणि मग ‘अविचार’ सिद्ध होत नाही. म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर आला: त्या रात्रीपूर्वी काय झाले होते? याचे उत्तर मुलगी देऊ शकत नव्हती. ते घरातल्या बायकांनाच द्यावे लागले.

राधामणीची साक्ष वाचली म्हणजे त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. ती कपड्यांबद्दल बोलते. मुलगी खाटेवर रक्ताने माखलेली पडली होती; मुलीचे कपडे, अंथरूण, नवऱ्याचे कपडे, सगळे रक्ताने भिजले होते, असे ती एकेक करून सांगते. वकिलाला हवे होते दिवस आणि तास, आणि पूर्वी किती वेळा. आईने सांगितले ते कपड्यांचे. घरात कपडे कुणाचे कोणते, कोणते कुठे वाळत होते, कोणते कधी भिजले, हे घर चालवणाऱ्या बाईला झोपेतही सांगता येते. तिच्यापाशी असलेले ज्ञान असे होते. कोर्टाच्या नोंदीत ते उतरले, आणि म्हणून आज आपल्याला ती खोली दिसते.

आणि बोलायचे कुठे, तर परक्या भाषेत चालणाऱ्या, साहेबांनी आणि वकिलांनी भरलेल्या दालनात. मुलीच्या देहाबद्दल. नवऱ्याबायकोच्या खोलीबद्दल. जावयाविरुद्ध. आपल्याकडे जावयाचे नाव घेतानाही बायका आवाज खाली आणत, ते आठवले म्हणजे या साक्षीचे मोल कळते. या बायकांनी ते बोलले नसते तर हा खटला अठराव्या खंडात आलाच नसता. मृत्यू झाला, अंत्यविधी झाला, दिवस झाले, इतकेच उरले असते. अशा किती जणी गेल्या असतील, आणि त्यांच्या आयांना कुणी विचारलेच नसेल.

‘जबर दुखापत.’ मृत्यू झाला आहे, आणि शिक्षा दुखापतीची आहे. ‘दुखापत करील’ या क्रियापदात मुलगी अजून जिवंत आहे असे वाटते.

«पत्नीच्या सुरक्षिततेचा विचार न करता तिच्या देहाचा उपभोग घेण्याचा निरपवाद हक्क पतीला कोणत्याच कायद्याने दिलेला नाही»

न्यायमूर्ती विल्सन यांनी ज्युरीला समजावून सांगितलेला हा आशय. हिंदू कायदा असो, मुसलमानी असो, इंग्रजी अमलात केलेला असो, कुठेही असा हक्क नाही, असे त्यांनी म्हटले. हे वाक्य त्या काळाच्या मानाने धीट आहे आणि ते त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे.

त्यातला एक शब्द मात्र पाहू. ‘सुरक्षितता.’ हक्काला मर्यादा घातली ती मुलीच्या इच्छेने नाही, तिच्या सुरक्षिततेने. ती मरणार नाही, तिला जबर इजा होणार नाही, इतके पाहिले म्हणजे उरलेला हक्क शाबूत. तिला ते नको असणे, तिला भीती वाटणे, याला या वाक्यात जागा नाही. आणि इजा झाली नाही हे कळणार कधी? झाल्यानंतर.

«कायद्याने जे केलेले नाही, ते स्वतःहून करण्याचा अधिकार न्यायाधीशाला वा ज्युरीला नाही»

हाही आशय त्याच भाषणातला. अमुक वयाच्या खाली हे कृत्य धोक्याचेच, असा नियम कायद्याने केलेला नाही. तेव्हा तो आपण इथे बसून करू नये, असे त्यांनी ज्युरीला बजावले.

कायद्याच्या शिस्तीने पाहिले तर बरोबर आहे. पण राधामणीच्या बाजूने वाचू लागले की हे वाक्य पुढे सरकू देत नाही. सरकारने नियम केला नाही म्हणून न्यायालय करणार नाही. आणि धर्मात हात घातला असा बोभाटा होईल म्हणून सरकार करत नाही. बंगालात तर, मुलीला ऋतू आला की सोळा दिवसांच्या आत गर्भाधान झालेच पाहिजे, असा पुराणमताचा आग्रह होता. फुलमणीला ऋतूच आला नव्हता, म्हणजे तो आग्रहही इथे लागू नव्हता. कायद्याची रेघ तिच्यामागे सुटली होती, शास्त्राची रेघ अजून पुढे होती, आणि मधल्या जागेत ती मेली.

शिक्षा: बारा महिने सक्तमजुरी. कलम ३३८ ला जास्तीत जास्त दोन वर्षे देता येत होती. दिली त्याच्या निम्मी.

या बारा महिन्यांशेजारी मुंबईचा एक आकडा ठेवला पाहिजे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. पुढे १८८८ साली पैशांवर तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेल्या, आणि फुलमणीचा खटला चालला तेव्हा त्या लंडनला डॉक्टरी शिकत होत्या. लहानपणी लग्न झालेल्या दोन मुली. एकीने जायचे नाकारले त्याला सहा महिने. दुसरीला जावे लागले आणि ती गेली, त्याला बारा. विवाहित स्त्रीचे शरीर त्या वेळच्या कायद्याला कसे दिसत होते, हे या दोन आकड्यांइतके स्पष्ट मला दुसरीकडे सापडलेले नाही.

«‘दहा’ या शब्दाऐवजी ‘बारा’ हा शब्द घालावा»

१८९१ चा दहावा कायदा. संमतिवयाचा कायदा म्हणतात तो हा. ९ जानेवारीला सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले, १९ मार्चला ते मंजूर झाले. सत्तर दिवसांच्या आत. एवढी घाई होण्याआधी बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते, विलायतेला जाऊन लोकमत तयार करत होते. भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी, आपण स्वतः तपासलेल्या लहानग्या पत्नींची हकीगत लिहून, व्हाइसरॉयकडे अर्ज केला होता. या सगळ्यांना एक नाव हवे होते, कोर्टात सिद्ध झालेले. ते राधामणीच्या साक्षीने मिळाले.

दुरुस्ती केवढी? वाक्य तेच, रचना तीच, ‘स्वतःच्या पत्नीशी’ हे शब्द जसेच्या तसे. एक संख्यावाचक शब्द बदलला.

आणि एवढ्यावरून देश पेटला. कोलकात्याच्या मैदानावर निषेधाच्या प्रचंड सभा झाल्या. पुण्यात तर वर्तमानपत्रे, सभा, वाड्यांचे दिवाणखाने, सगळीकडे हाच विषय. न्यायमूर्ती रानडे बाजूने, डॉ. भांडारकर शास्त्राचे आधार काढून बाजूने, ‘सुधारक’मधून आगरकर बाजूने. टिळक विरुद्ध. टिळकांची बाजू नीट सांगितली पाहिजे. मुलींची लग्ने सोळापर्यंत करू नयेत, पुरुषांनी विसाच्या आत करू नये, असे बंधन लोकांनी आपणहून घ्यावे अशी सूचना त्यांनीच केली होती. परक्या सरकारने धर्माच्या बाबतीत कायदा करू नये हा त्यांचा आक्षेप होता. परकी सत्ता कायद्याच्या वाटेने घरात येते ही भीती पोकळ होती असे मला वाटत नाही. पण स्वेच्छेचे बंधन कुणी घ्यायचे? नवऱ्यांनी आणि बापांनी. ज्या घरात ते घेतले जाणार नाही त्या घरातल्या मुलीने काय करायचे, याला त्या सूचनेत उत्तर नव्हते. आगरकरांना हे दिसले होते. म्हणून त्या वादात मी आगरकरांच्या बाजूला आहे, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

आपल्याकडे न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवत. हिरवी साडी, ओटी, फुले, गाणी, जेवणावळी. मग मुहूर्त काढून फलशोभन. सोहळा बायकांचा, आणि मुलीचे कौतुकही खरे. त्या मखरात बसलेल्या मुलीला पुढे काय आहे ते कुणी सांगत असे का? पुण्यातले शास्त्री श्लोकांचा अर्थ लावत होते तेव्हा मखरे सजवणाऱ्या बायका आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांना कुणी विचारले नाही. कोलकात्यात मात्र त्यांच्यासारख्याच काही बायकांना कोर्टाने बोलावले होते, कारण तिथे एक मुलगी मेली होती.

आकडा नंतरही सरकत राहिला. १९२५ साली पत्नीसाठी तेरा, १९४९ साली पंधरा. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडिपेंडंट थॉट’च्या याचिकेवर निकाल देताना तो अठरा असा वाचला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ६३ च्या दुसऱ्या अपवादात, अठराच लिहिला आहे. दहा, बारा, तेरा, पंधरा, अठरा. ज्या मुलींना प्रत्येक सरकण्याने आधार मिळाला त्यांच्यासाठी हे फार मोठे आहे. पण १८६० ची ओळ आणि आजची ओळ एकाखाली एक ठेवून वाचा. ‘पुरुषाने स्वतःच्या पत्नीशी’, मग ‘अमुक वर्षांखालची नसेल तर’, मग ‘बलात्कार नव्हे’. वाक्याचा सांगाडा उभाच आहे. अठरा पूर्ण झालेल्या पत्नीसाठी ती ओळ आजही तशीच बोलते.

«पतीविरुद्धच्या अशा गुन्ह्याची दखल मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकारी यांच्याखेरीज कोणी घेऊ नये, तपासात निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या पोलिसाला घेऊ नये»

ही शेवटची ओळ, त्याच १८९१ च्या कायद्यातली. संमतिवयाच्या चर्चेत ती क्वचितच कुणी वाचते. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात पुढे ती कलम ५६१ म्हणून राहिली. तिच्यामागचे कारण त्या वेळी उघड सांगितले गेले: हलक्या दर्जाचे पोलीस लोकांच्या घरांत शिरतील, बायकांची चौकशी करतील, इभ्रतीचा धाक दाखवून पैसे उकळतील. भीती खरी होती. त्या काळचे पोलीस कसे होते हे लोक जाणून होते.

पण ही ओळ राधामणीच्या बाजूने वाचा. तिच्या मुलीच्या मृत्यूमुळे हा कायदा झाला. समजा हा कायदा आधीच असता. समजा मुलगी मेली नसती, अंग फाटलेली, तापाने फणफणलेली, पण जिवंत खाटेवर पडली असती. घर कोलकात्यात नसते, मेदिनीपूरकडच्या एखाद्या खेड्यात असते. मुलगी साडेअकरा वर्षांची, म्हणजे आता बाराच्या आत, म्हणजे आता हा बलात्कार. नाव तर मिळाले. आता ते सांगायचे कुणाला? गावच्या चौकीदाराला अधिकार नाही. जवळच्या ठाण्यातल्या अंमलदाराला तपास करता येत नाही. गुन्हा बिनदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे नवऱ्याला कुणी आपणहून धरून नेणार नाही. आईने स्वतः निघायचे, मुलीला बायकांवर सोपवून, जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, आणि बंगाली बाईने इंग्रज कलेक्टरसाहेबांपुढे उभे राहून, आपल्या जावयाने काय केले ते तोंडाने सांगायचे. ठाण्यातला जमादार भला माणूस असला, तरी रक्ताने भिजलेले कपडे पदराआड धरून दारात आलेल्या त्या बाईला तो एवढेच सांगू शकला असता, की साहेब इथे बसत नाहीत.